4 एकरात प्लॉटिंग करताय? आधी चुन्याची फक्की मारा आणि चालून बघा

तालुक्याच्या गावाला लागून जमीन असली की आज ना उद्या प्लॉटिंगचा विषय घरात निघतोच. आमच्याकडेही निघाला. सातबारा, मोजणी, एनए, एजंट हे सगळं कसं करायचं ते सांगणारे शंभर जण भेटतात, पण तिथे उद्या माणसं राहणार आहेत, ती चालणार कुठून, म्हातारी बसणार कुठे, पोरं शाळेत जाणार कशी, हे सांगणारा एकही भेटत नाही. म्हणून हे लिहितोय, आमच्या 4 एकरात आम्ही काय केलं आणि काय करू नये ते काकांच्या प्लॉटिंगमध्ये कसं शिकलो.

काकांचं आधी सांगतो. त्यांनी त्यांच्या 2 एकरात सगळे प्लॉट 1500 फुटांचे पाडले, मधून एकच रस्ता, तो पुढे जाऊन बंद, आणि चारी बाजूंनी सात फुटी कंपाउंड. दिसायला एकदम झ्याक. पण शेवटच्या प्लॉटच्या मागे, भिंतीपलीकडे शाळा. अंतर किती, तर 60 मीटर. शाळेची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येते. आणि पोराला शाळेत सोडायचं तर गेटबाहेर पडा, हायवेने वळसा घाला, 900 मीटर. मग काय, रोज सकाळी प्रत्येक घरातून एक स्कूटर. मोठी पोरं भिंतीला ड्रम लावून उड्या मारतात, एकाचा हात मोडून झालाय. मागच्या वर्षी भिंत फोडून वाट काढायचं ठरलं तर त्या कोपऱ्याचा प्लॉटवाला तयार नाही, कारण त्याने पैसे मोजलेत, त्याचंही बरोबरच आहे. कागदावर पेन्सिलने दोन रेघा मारल्या असत्या तर फुकटात झालं असतं.

तर पहिलं काम, आर्किटेक्टकडे जायच्या आधीच, जमिनीत आत्ता लोक कुठून चालतात ते बघा. प्रत्येक पडीक रानात एक तरी पायवाट असतेच, कुणी शॉर्टकटने एसटी स्टँडला जातं, कुणी देवळाला, कुणी डेअरीला. ती वाट नकाशावर काढून घ्या आणि ती प्लॉटखाली गाडू नका, तिलाच गल्ली करा. 1914 नंतर पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार आपल्याकडे गावोगाव पायी फिरून शहरांचे अहवाल लिहीत होता, मुंबई विद्यापीठात 1919 ला समाजशास्त्र विभाग सुरू झाला तोही त्याच्याच हाताखाली, त्याचं म्हणणं हेच होतं की आधी निदान करा मग औषध द्या, सरसकट पाडापाडी नको. शंभर वर्षं झाली, आपण अजून जेसीबीनेच सुरुवात करतो.

त्याच फेरीत पाण्याची वाटही बघा, तीही पावसाळ्यात. ओढा असेल, साधा ओघळ असेल, तो पाइपात घालून वर प्लॉट काढायचा मोह होतो, एजंट तर हमखास सांगतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने पूर येऊन काय केलं ते आठवा. ओढा उघडा ठेवा, त्याच्या कडेने चालायची वाट काढा. नाहीतरी तिथे बांधता येत नाही, मग वाट म्हणून तरी कामाला येते.

आता नियमाचं. मुंबई सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी 2 डिसेंबर 2020 पासून यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, लागू आहे. जमीन 0.4 हेक्टर किंवा जास्त असेल तर 10 टक्के ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळी जागा, सोडावीच लागते. आतले रस्ते साधारण 9 मीटरपासून, आणि लांबी वाढली की 12, 15 असे रुंद होत जातात. तुमच्या जागेला नेमकं काय लागू ते नगररचना कार्यालयातच विचारा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. आणि प्लॉट 8 पेक्षा जास्त असतील आणि जमीनही 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल, तर विकायच्या आधी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. गुंठा-गुंठा नोटरीवर विकायचा उद्योग करू नका, घेणारा गरीब माणूस आयुष्यभर बोंबलत फिरतो.

आमचा हिशोब देतो, कारण हिशोबाशिवाय घरचे ऐकत नाहीत. 4 एकर म्हणजे 160 गुंठे, जागा ढोबळ 100 बाय 160 मीटर. ओपन स्पेस 16 गुंठे. मधून लांबीला एक 12 मीटरचा रस्ता, त्याला आडव्या तीन 9 मीटरच्या गल्ल्या, आणि शाळेच्या बाजूला निघणारी 3 मीटरची पायवाट, यात साधारण 44 गुंठे गेले. उरले 100 गुंठे, म्हणजे 1 लाख 8 हजार 900 स्क्वेअर फूट. यात 600 फुटांचे 20, 1000 चे 45, 1500 चे 21 आणि दोन गुंठ्यांचे 8 असे 94 प्लॉट बसवले, वर उरलेल्या 3 हजार फुटांत कोपऱ्यावरची दुकानं.

एजंट म्हणाला, सगळे 1500 चे करा, गिऱ्हाईक एका दर्जाचं येईल. हा एका दर्जाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण वस्ती इथेच बिघडते. सगळे प्लॉट सारखे असले की सगळी माणसं एकाच पगाराची, एकाच वयाची येतात. मग सकाळी दहा ते सहा सगळी कॉलनी ओस, घरकामाला येणारी मावशी चार किलोमीटरवरून येणार, दुकान चालणार नाही कारण दिवसा गिऱ्हाईकच नाही. 600 फुटांत रिक्षावाला, अंगणवाडी सेविका, नवीन लग्न झालेलं जोडपं येतं, दोन गुंठ्यांत मुंबईहून रिटायर होऊन आलेले येतात, आणि एकमेकांची एकमेकांना गरज असते हे राहायला लागल्यावर कळतं. मात्र छोटे प्लॉट एका कोपऱ्यात, ओढ्याकडेला ढकलू नका, गल्लीगल्लीत मिसळा. इंदूरला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी अरण्य वसाहतीत हेच केलं, अगदी कमी उत्पन्नवाल्यांना साधारण 35 चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर जोतं, संडास आणि पाण्याची सोय, बाकी घर ज्याने त्याने जमेल तसं वाढवायचं, आणि मोठे प्लॉट त्याच वस्तीत. 1995 ला त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. आणि हो, विकताना आडनाव विचारू नका, काय खाता विचारू नका. आमच्याकडे दोन गिऱ्हाइकं "शेजारी कोण" विचारून परत गेली, गेली तर गेली.

ओपन स्पेसचं तर बोलायलाच नको. कुठलाही लेआऊट उघडा, ओपन स्पेस कुठे असते? जिथे प्लॉट बसत नाही तिथे. तिरका तुकडा, हायटेन्शनच्या तारेखाली, नाहीतर नाल्याच्या कडेला. तिथे पाच वर्षांनी डेब्रिज आणि कुत्री. ती मधे घ्या आणि मुख्य म्हणजे घरांची तोंडं तिच्याकडे करा, पाठी नको. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोरं खेळताना दिसली पाहिजेत, मग वेगळा वॉचमन लागत नाही. आम्ही 16 गुंठ्यांतले 10 मधे सलग घेतले आणि बाकीचे दोन ठिकाणी छोटी अंगणं म्हणून वाटले. असं तोडता येतं का, एक तुकडा कमीत कमी किती पाहिजे, ते आधी विचारून घ्या.

छोट्या अंगणांची आयडिया बेलापूरची. नवी मुंबईत सीबीडीला सेक्टर 8 मध्ये सिडकोसाठी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 1983 ते 86 मध्ये आर्टिस्ट व्हिलेज केलं, एकदा लोकलने जाऊन बघाच. 7 घरं मिळून 8 बाय 8 मीटरचं एक अंगण, अशी 3 अंगणं मिळून 21 घरांचं 12 बाय 12 चं मोठं, आणि असंच पुढे वाढत जातं. घर स्वतंत्र, शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही, त्यामुळे वाढवायला भांडण नाही. आज तिथली बरीच मूळ घरं ओळखू येत नाहीत, लोकांनी मजले चढवले, टाइल्स लावल्या. काही आर्किटेक्ट लोक त्यावर हळहळतात, मला तर ते यशच वाटतं. आणि आपल्याला हे नवीन आहे का? वाड्यातला चौक तरी काय होता.

आता रस्ता, माझा आवडता विषय. 12 मीटर म्हटलं की लोक 12 मीटर डांबर टाकतात, मग गाड्या सुसाट, मग स्पीडब्रेकर, मग कंबरदुखी. आम्ही असं वाटलं: दोन्ही बाजूंना 1.8 मीटर फुटपाथ, मग दोन्हीकडे 1.2 मीटरची झाडांची आणि दिव्यांची पट्टी, मधे गाड्यांना 6 मीटर. झाले 12. 1.8 मीटर हा आकडा इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेतला आहे, आणि तो मोकळा पाहिजे, त्यात विजेची डीपी, खांब, कुंडी काही नाही. उंची 150 मिलीमीटरच्या वर नको, नाहीतर गुडघेदुखीवाले खालूनच चालतात. 9 मीटरच्या गल्ल्यांत वेगळा फुटपाथ केलाच नाही, सगळं एका पातळीत पेव्हर टाकले आणि झाडं अशी लावली की गाडीला सरळ पळताच येत नाही.

फुटपाथ मरतो तो गेटच्या रॅम्पमुळे. प्रत्येकाचं जोतं उंच, मग गाडी चढवायला ज्याने त्याने रॅम्प रस्त्यापर्यंत आणायचा, चालणारा दर वीस फुटांनी वर-खाली. म्हणून खरेदीखतातच घालून घ्या की रॅम्प स्वतःच्या हद्दीत, फुटपाथ सलग सपाट, चढेल ती गाडी. पुढची भिंतही 3 फुटांपेक्षा उंच नको असं आम्ही लिहून घेतलं. यावर दोघा-तिघांनी वाद घातला, एक अजून बोलत नाही. पण उंच भिंतींच्या गल्लीत रात्री बाई माणूस चालत नाही, हे मला आईने सांगितलं, मला सुचलं नव्हतं.

दुकानं कोपऱ्यावरच. किराणा, पिठाची गिरणी, एक गाळा सलून किंवा शिलाईला. भाजीवाल्या मावशीला पाराजवळ सावलीत जागा, ती येणारच आहे, मग रस्त्यात उभी करण्यापेक्षा आधीच जागा ठेवलेली बरी. पाच मिनिटांत माणूस साधारण 400 मीटर चालतो, तेवढ्यात दूध, शाळा, एसटी थांबा यातलं काय काय येतं ते मोजा, जे येत नसेल तिकडे वाट काढता येते का बघा. आम्ही शाळेला अर्ज केला, त्यांनी मागच्या भिंतीला छोटं गेट पाडून दिलं. आणि कॉलनीला मोठं कमान-गेट लावून चारी बाजू बंद करू नका, बाहेरची चार माणसं चालत गेली तर काही नेत नाहीत.

पाण्याचं थोडक्यात. 1000 फुटी गच्चीवर 600 मिलीमीटर पाऊस पडला की 55 हजार लिटरच्या वर पाणी होतं, थोडं वाया गेलं तरी 40-45 हजार धरा. टाकीत किंवा बोअरच्या शोषखड्ड्यात सोडा. आंघोळीचं, कपड्याचं पाणी वेगळ्या पाइपने काढून झाडांना. पाइप आत्ताच टाकावा लागतो, नंतर फरशी कोण फोडतंय.

आता शीर्षकात म्हटलं ते. नकाशा कच्चा झाला की मंजुरीला टाकायच्या आधी जागेवर फक्की मारा, रस्ते, प्लॉट, ओपन स्पेस सगळं. एक दिवस जातो आणि चार-पाच पोती फक्की. मग मे महिन्यात दुपारी बाराला आज्जीला घेऊन त्यावरून चाला. आम्ही खरंच केलं. आज्जी काठी टेकत निघाली, दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, "इथं बसायला काय हाय?" काही नव्हतं. पुढे पाणंदीला वळली, मी म्हटलं आज्जी रस्ता तिकडून आहे, तर म्हणाली देऊळ हिकडं हाय. त्या एका फेरीत दोन कट्टे वाढले आणि तिसरी गल्ली आठ मीटर सरकली. आर्किटेक्ट जरा चिडला, पण आला होता तोही टोपी घालून, त्यालाही ऊन लागलंच.

झाडं गुलमोहराची लावू नका, फांद्या ठिसूळ, वादळात गाड्यांवर पडतात. करंज, कडुनिंब, बहावा, ताम्हण रस्त्याकडेला, वड-पिंपळ फक्त मधल्या मोकळ्या जागेत. दिव्याचे खांब बुटके घ्या, उंच खांबाचा उजेड चार वर्षांनी पानांच्या वरच राहतो. आणि घरं व्हायची वाट न बघता मंजुरीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात लावा, टँकरचा खर्च दोन उन्हाळे सोसा. आमच्याकडे अजून 31 प्लॉट रिकामे आहेत आणि करंज पहिल्या मजल्याला टेकलेत. परवा एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा एजंट त्याला सावलीत उभं करून दर सांगत होता, आणि तो दर माझ्यापेक्षा शंभर रुपयांनी जास्त होता.