क्रूझचा घोळ धक्क्यावरच होतो: या चुका टाळा

क्रूझवरून आलेल्या माणसांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. जेवणात तिखट नाही, लिफ्टला गर्दी, वायफाय महाग. यातल्या कशानेही कुणाची सुट्टी बुडत नाही. सुट्टी बुडते ती चेक-इन काउंटरवर, "या व्हिसावर तुम्हाला चढता येणार नाही" हे वाक्य ऐकल्यावर. नाहीतर जहाज डोळ्यांदेखत निघून गेल्यावर. तरी लोक महिनाभर चर्चा करतात ती बाल्कनीची केबिन घ्यावी की नको याची. म्हणून आधी कागद, मग बाकीचं.

जिथे उतरायचं नाही तिथलाही व्हिसा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आईबाबा उन्हाळ्यात त्यांच्याकडे, आणि सगळ्यांनी मिळून अलास्काची क्रूझ. आपल्या किती घरांत हा बेत ठरतो! क्रूझ सिएटलहून निघते, अलास्काही अमेरिकेतच, आणि परत सिएटलला यायचं. मग कॅनडाचा संबंध कुठे आला?

तो आला 1886 च्या एका अमेरिकी कायद्यामुळे. परदेशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं असेल, तर मध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. आणि मोठी प्रवासी जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. म्हणून ती परतीच्या वाटेवर बहुतेक वेळा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात, पुष्कळदा संध्याकाळनंतर. तेवढ्या मुक्कामासाठी भारतीय पासपोर्टवर आलेल्या आईबाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो. "आम्ही खाली उतरणारच नाही" ही सबब काउंटरवर चालत नाही. ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला हा व्हिसा लागत नाही, म्हणून बुकिंग करताना विषय त्याच्या डोक्यातही येत नाही. त्यात ऑफिसमधला एखादा अमेरिकन सांगतो, "अरे, परत त्याच बंदरावर यायचं असेल तर पासपोर्टही लागत नाही, जन्मदाखला पुरतो." ती सवलत अमेरिकी नागरिकांची आहे. तो सल्ला ऐकून सोडून द्यावा.

युरोपात घोळ वेगळा. अथेन्सहून निघायचं, तुर्कस्तानातलं कुशादासी बघायचं आणि पुन्हा ग्रीक बेटांवर यायचं, अशी क्रूझ असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा) एकदाच प्रवेश देणारा असून भागत नाही. तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येताय. अर्ज भरतानाच एकाहून अधिक प्रवेश मागा आणि सोबत क्रूझचा संपूर्ण मार्ग जोडा. सिंगापूरहून जाऊन सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझलाही हेच लागू. हातात आलेल्या व्हिसावर काय छापलंय ते वाचा. टूरवाल्याने "सगळं झालंय" म्हटलं तरी वाचा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशासाठी भरायचा माहितीचा फॉर्म, ऑनलाइन भरायला सरकार एक पैसाही घेत नाही. पैसे मागणारी साइट दिसली की समजा, आपण चुकीच्या ठिकाणी आलोय.

मुंबई-गोवा किंवा मुंबई-लक्षद्वीप देशातलीच, त्यामुळे तिथे फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. मात्र लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देते, पण तुमची माहिती त्यांच्याकडे वेळेत पोचली तरच. घरात कुणी गरोदर असेल तर तारखा मोजून घ्या: बहुतेक कंपन्या 24 व्या आठवड्यापासून प्रवास करू देत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही सहसा घेत नाहीत.

त्याच दिवशीचं विमान

सकाळी मुंबईहून उडायचं आणि दुपारी सिंगापूरला जहाज गाठायचं, असं तिकीट काढणाऱ्याला शूर म्हणावं की काय म्हणावं? विमान उशिरा आलं तर विमान कंपनी तुम्हाला पुढच्या विमानात बसवेल, पण पुढचं जहाज कुठून आणणार? आदल्या दिवशी पोचा. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे हा क्रूझच्या खर्चाचाच भाग धरा.

टर्मिनलचं नावही नीट बघा. सिंगापूरला दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट, आणि टॅक्सीत बसून नुसतं "क्रूझ सेंटर" म्हटलं तर ड्रायव्हर कुठेही नेईल. मुंबईत तर आपल्याच माणसांचा गोंधळ होतो. गोव्याची क्रूझ बॅलार्ड पिअरच्या बाजूने सुटते. भाऊच्या धक्क्यावरून सुटते ती मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट. गोव्याच्या जुन्या बोटीच्या आठवणी असलेले आजोबा सोबत असतील तर ते हमखास धक्क्याकडेच गाडी वळवायला सांगतील. जहाज सुटायच्या तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं, त्यानंतर कितीही ओळख सांगा, उपयोग नाही.

"रोम" लिहिलंय म्हणजे रोम नव्हे

माहितीपत्रकावर शहराचं नाव मोठं, बंदराचं नाव कंसात बारीक. रोमचं बंदर म्हणजे चिविताव्हेकिया, शहरापासून साधारण 70 ते 80 किलोमीटर. पॅरिस म्हणजे ल हाव्र, जवळजवळ 200 किलोमीटर. बँकॉक म्हणजे लेम चाबांग, म्हणजे रस्त्याने दोनेक तास, आणि ट्रॅफिक लागलं तर किती ते विचारू नका. आपलं गोवासुद्धा मुरगाव बंदर आहे. तिथून पणजी तीसेक किलोमीटर, टॅक्सीवाला सांगेल तो भाव. दिवसभरात पणजी, जुनं गोवं आणि एखादा बीच असा बेत आखलात तर दिवस टॅक्सीतच जाईल. एक ठिकाण धरा.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. ते समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून माणसं नेतात. सँटोरिनीला आणि लक्षद्वीपला असंच आहे. समुद्र खवळलेला असेल तर कॅप्टन ते ठिकाण सरळ रद्द करतो. हा त्याचा अधिकार आहे आणि भांडून काही होत नाही. सँटोरिनीला बोटीतून उतरल्यावर वर गावात जायला केबल कारची रांग, नाहीतर जवळपास 600 पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं, कारण परत येतानाची रांग जास्त लांब असते.

वेळेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सिंगापूर-पेनांग-फुकेत ही आपल्याकडे चालणारी क्रूझ घ्या. फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज सिंगापूरच्या वेळेवरच चालत असेल आणि "पाचपर्यंत परत या" असं सांगितलेलं असेल, तर किनाऱ्यावर तुमच्या मोबाइलमध्ये त्या क्षणी चार वाजलेले असतात. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, तुम्ही निवांत शहाळं पीत बसता, आणि तिकडे गँगवे, म्हणजे जहाजावर चढायचा जिना, उचलायची तयारी सुरू असते. उतरताना दारापाशी जहाजाची वेळ लिहिलेली असते. तिचा फोटो काढा किंवा साधं हातातलं घड्याळ त्या वेळेवर लावा.

जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज साधारणपणे थांबतं, बाहेरची टॅक्सी केली असेल तर थांबत नाही. याचा अर्थ दुप्पट पैसे देऊन जहाजाचीच सहल घ्या असं मुळीच नाही. माझं मत विचाराल तर बंदर गावातच असेल तर स्वतः फिरा, आणि शहर दोन तास दूर असेल तर जहाजाची बस पकडा. माणूस वेळेत आला नाही तर कर्मचारी त्याच्या केबिनमधल्या तिजोरीत पासपोर्ट शोधतात, सापडला तर तो बंदरावरच्या एजंटाकडे ठेवतात आणि जहाज सुटतं. पुढच्या बंदरापर्यंतचं तिकीट स्वतःच्या खिशातून. एजंटाचा फोन नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो. ती खिशात असू द्या, आणि पासपोर्टची झेरॉक्सही.

बॅगेत काय नको, हातात काय हवं

मोठी बॅग धक्क्यावरच ताब्यात घेतात, ती केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. तोपर्यंत औषधं, चष्मा, पोरांचे पोहायचे कपडे तिच्यातच. आईच्या दुपारच्या बीपीच्या गोळीसाठी बॅग शोधत डेकभर फिरण्यापेक्षा हे सगळं पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, अगरबत्ती, निरांजन यातलं काहीही नेऊ नका. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. स्कॅनरमध्ये किटली दिसली की ती काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. मॅगी खायचीच असेल तर बफेवर गरम पाणी मिळतं. सीलबंद चिवडा, चकली सहसा चालते, घरचा डबा चालत नाही. आणि बफेवरचं सफरचंद पिशवीत टाकून ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर उतरू नका, तिथे त्याचा जबर दंड होतो.

संडासाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. जेट स्प्रे बहुतेक जहाजांवर नसतो. एक छोटा प्लास्टिकचा मग किंवा बाटली न्या, यात लाजण्यासारखं काही नाही. फ्लश हवेच्या दाबावर चालतो, बटण दाबल्यावर मोठ्ठा आवाज होतो, पोरं दचकतात. त्यात टॉयलेट पेपरशिवाय काहीही टाकायचं नाही. ओला वाइप किंवा सॅनिटरी पॅड टाकलात तर तुमच्याबरोबर शेजारच्या केबिनींचंही तुंबतं.

बोट लागणं

ज्याला घाटात गाडी लागते त्याला बोटही लागू शकते. अशा माणसासाठी केबिन घेताना जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हलणं कमीत कमी जाणवतं. वरच्या मजल्यावरची पुढच्या टोकाची महागडी केबिन त्याला फुकटात मिळाली तरी नको. खिडकी नसलेली केबिन स्वस्त असते आणि झोपण्यापुरती उत्तम असते, पण मळमळ सुरू झाली की क्षितिजाकडे बघायला बाहेर यावं लागतं. पूलच्या किंवा डिस्कोच्या बरोबर खालची केबिन मात्र कुणीच घेऊ नये. डेकचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो.

अ‍ॅव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग नसतो, ती जहाज हलायच्या आधी तास-दोन तास घ्यायची असते. तिने झोप येते आणि दारूबरोबर ती चालत नाही. बीपी किंवा प्रोस्टेटची औषधं सुरू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. पोट रिकामं ठेवू नका. आलेपाक खरंच बरा पडतो.

पोट बिघडण्याचं दुसरं कारण नोरोव्हायरस. दारावर सॅनिटायझर घेऊन उभा असलेला हसरा मुलगा चांगला आहे, पण या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबणाने हात धुवा.

बिल

तिकिटात सगळं आलं असं समजून गेलेल्यांना शेवटच्या रात्री घाम फुटतो. परदेशी कंपन्यांच्या बऱ्याच जहाजांवर टिप आपोआप लागते, दर माणशी दर दिवशी साधारण 16 ते 20 डॉलर. पोरांचीही. चौघांचं कुटुंब, सात रात्री, 18 डॉलरचा दर धरला तरी 504 डॉलर, म्हणजे चाळीस हजारांच्या पुढे. हे पैसे केबिन आवरणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसांसाठी असतात. काउंटरवर जाऊन टिप काढून टाकायला लावणारे महाभाग असतात, तसं करू नका. बजेटमध्येच धरा.

दारूचं पॅकेज घेताना बारीक अक्षरं वाचा. अनेक कंपन्यांत एकाने घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. नवरा संध्याकाळी दोन बिअर पिणार आणि बायको लिंबू सरबत, तर हे पॅकेज म्हणजे तोटा. साधं पाणी, चहा, कॉफी बफेवर फुकट असते. जहाजावरचा खर्च ज्यात मांडतात त्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. रोज थोडी थोडी रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला घरी आल्यावरही वेळ लागतो.

फोन जहाज सुटताक्षणी एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर साध्या रोमिंगचे नसतात. विमा घेताना त्यात क्रूझ आणि जहाजावरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च येतो का ते विचारा. जहाजावरचा डॉक्टर आधी पैसे घेतो, विम्याचं तुम्ही नंतर बघायचं.

ड्रिल चुकवू नका

13 जानेवारी 2012 ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली आणि 32 जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चिविताव्हेकियाला चढलेल्या प्रवाशांची ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं आणि काय करायचं याची तालीम, झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात 24 तासांची मुभा होती. 2015 पासून ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक आहे. आता बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ बघून आपल्याला नेमून दिलेल्या जमायच्या जागेवर हजेरी लावली की काम होतं. पण पोरांना आणि आजीला घेऊन त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालत जा, कारण खऱ्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्री अकरा-बाराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात. उत्साहात सगळं भरून टाकणारे असतातच, आणि मग सकाळी इमिग्रेशनच्या रांगेत नाइट ड्रेसवर उभे राहतात. एक जोडी कपडे, चपला, चार्जर आणि पासपोर्ट बाहेर ठेवून मगच चेन लावा. बिलाचा कागद दारात सरकवलेला असतो, तो रात्रीच वाचा, कारण सकाळी काउंटरवर अर्ध्या जहाजाची रांग असते. आणि परतीचं विमान दुपारी बाराच्या आतलं घेऊ नका.