एआय कॅमेरा घेण्याआधी प्रेसजवळ स्टॉपवॉच घेऊन उभे राहा

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशीनने पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, मी सेफ्टी ऑफिसर आहे. गाड्यांचे ब्रॅकेट, हिंज असला माल निघतो. दोन वर्षांपूर्वी एक पुरवठादार ‘एआय सेफ्टी सिस्टिम’ घेऊन आला. हेल्मेट नसलेला माणूस कॅमेरा ओळखतो, फोर्कलिफ्टच्या वाटेत कुणी आलं तर भोंगा वाजवतो, आणि म्हणे हात डायखाली, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याखाली, गेला की प्रेस थांबवतो. प्लँट हेडना ही तिसरी गोष्ट फार आवडली. तुमच्याकडे असा डेमो ठरला असेल तर आमचे हात कुठे पोळले ते आधी वाचा.

सुरुवात प्रेसपासूनच करा, कारण इथे चूक झाली तर बोटं जातात. डेमोच्या दिवशी मी प्रेस बंद करायला लावली, फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड फिरतं चाक, पूर्ण थांबू दिलं, मेन स्विचला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली आणि डाय खाली येऊ नये म्हणून मधे सेफ्टी ब्लॉकचा टेकू ठेवला. मग लाकडी पट्टीला हातमोजा बांधून झपकन आत सारला आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. हातमोजा आत गेल्यापासून सिस्टिमचा लाल दिवा लागेपर्यंत पाऊण सेकंद गेला. हात सेकंदाला १.६ ते २ मीटर वेगाने पुढे येतो असं धरून गार्डिंगची मानकं सुरक्षा साधन किती दूर हवं ते अंतर काढतात. म्हणजे दिवा लागेपर्यंत हात सव्वा ते दीड मीटर आत गेलेला. प्रेसला स्वतःला थांबायला लागणारा वेळ वेगळाच. लाईट कर्टन, म्हणजे हात मधे आला की प्रेसला थांबायचा इशारा देणारा प्रकाशकिरणांचा पडदा, हेच काम काही मिलिसेकंदांत करतो. आमचे एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, दिवा लागलेला मोजायला बोटं तरी उरू द्या.”

तेव्हा कॅमेरा गार्डच्या, म्हणजे हात आत जाऊ न देणाऱ्या आडोशाच्या, जागी घेऊ नका. आणि प्रेस जुनी, की-क्लचची असेल तर सुटलेला स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा ठोका, मध्ये थांबतच नाही. तिथे लाईट कर्टनसुद्धा शोभेचा. फिक्स्ड गार्ड बसवा, नाहीतर स्ट्रोक पुरा होईपर्यंत उघडणार नाही असं इंटरलॉक गेट. पुरवठादार ‘आमचं मॉडेल शिकत राहतं’ म्हणेल. शिकू दे, पण कुणाच्या बोटांवर नको.

मग कॅमेरा लावायचा कुठे? अपघाताचं आणि थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांचं रजिस्टर काढा आणि तीन वर्षांच्या नोंदी जागेनुसार मांडा. एकच जागा निवडा. आमच्याकडे ती डिस्पॅच गेटजवळची होती. तिथे फोर्कलिफ्टचा रस्ता आणि माणसांचा रस्ता एकमेकांना छेदतात. पुरवठादाराला बावीस कॅमेरे विकायचे होते, आम्ही तीन घेतले.

पहिले दोन आठवडे सिस्टिम मुकी ठेवा. नोंद होऊ दे, पण कुणाला अलर्ट जाऊ देऊ नका. या काळात स्वतः परीक्षा घ्या. मी हेल्मेट हातात धरून, रिकाम्या वाटेने, दिवसा पन्नास आणि रात्रपाळीत पन्नास फेऱ्या मारल्या. दिवसा चार वेळा कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटलो, रात्री अकरा वेळा. उलट बाजूचीही चूक मोजा. पावसाळ्यात पिवळा रेनकोट घातलेला प्रत्येक माणूस आमच्या कॅमेऱ्याला रिफ्लेक्टर जॅकेटवाला वाटत होता. खंडेनवमीला फोर्कलिफ्टला झेंडूच्या माळा घातल्या आणि त्या दिवशी फोर्कलिफ्ट त्याला दिसेचना. लेन्सवर ऑइल मिस्टचा, म्हणजे हवेतल्या तेलाच्या बारीक थेंबांचा, थर बसतो, तो दर सोमवारी पुसायचं काम कुणाचं, हे नावानिशी ठरवा.

अलर्ट कुठे जाणार हे करारावर सही करण्याआधी ठरलं पाहिजे. आम्ही आधी सुपरवायझरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडले. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला, मीसुद्धा. आता फोर्कलिफ्टचा अलर्ट जागेवरच्या दिव्याला आणि भोंग्याला जातो, बाकीच्या अलर्टचा आठवड्याचा आकडा निघतो. कुठल्या जागी, कुठल्या तासाला, किती वेळा, एवढंच. चेहरा नाही, कामगाराचा टोकन नंबर नाही.

इथे एचआर मधे येईल. आमच्या एचआरने विचारलंच, हेल्मेट नसेल तर थेट पगारातून शंभर रुपये कापता येतील का? तसं कापता येत नाही. दंड कोणत्या कृत्यांसाठी होईल त्याला सरकारची मान्यता लागते, ती यादी फलकावर लावावी लागते, कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका वेतन कालावधीतला एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. कॅमेरा यातलं काहीच करत नाही. शिवाय दंड सुरू झाला की लोक कॅमेऱ्याचा कोपरा टाळून चालतात, आणि आमच्याकडे तो टाळला की माणूस थेट फोर्कलिफ्टच्या रस्त्यात.

कायद्याचं थोडक्यात. एआयसाठी आपल्याकडे वेगळा कामगार-सुरक्षा कायदा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ५०० कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी लागतो, घातक प्रक्रिया असेल तर २५० ला. जुन्या कारखाने अधिनियमात हा आकडा १,००० होता, त्यामुळे बरेच मधले कारखाने नव्याने यात येतात. कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी, ती सॉफ्टवेअरवाल्याकडे सरकत नाही. एक गोष्ट मॅनेजमेंटला नीट समजावून सांगा, कारण ती कुणाच्या लक्षात येत नाही. साठवलेला प्रत्येक अलर्ट म्हणजे तुम्हाला धोका माहीत होता याचा कागद. उद्या अपघात झाला आणि डिशच्या, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, साहेबांनी मागचे सहा महिने मागितले, तर प्रत्येक अलर्टपुढे ‘काय केलं’ हा रकाना भरलेला असला पाहिजे. रकाना भरायला माणूस नसेल तर सिस्टिम घेऊच नका.

फुटेज किती दिवस ठेवायचं ते करारात लिहा, आम्ही १५ लिहिलं. चेहरा ओळखणं बंद. आमचं फुटेज पुरवठादाराने मॉडेल शिकवायला वापरायचं नाही, हेही लिहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. डेटाची पुरेशी राखण केली नाही तर त्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तुमचा माल युरोपात जात असेल तर आणखी एक. आमच्या डेमोत ‘मूड स्कोअर’ नावाचा भाग होता, चेहऱ्यावरून कामगार चिडलाय की कंटाळलाय ते सांगणारा. युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण सोडून. थकवा ओळखणं त्यात धरत नाहीत, कारण थकवा ही शारीरिक स्थिती. तो कायदा चाकणच्या शेडवर थेट लागत नाही, पण तिकडचा ग्राहक ऑडिटमध्ये विचारू शकतो. आम्ही तो भाग काढायला लावला. मला तर तो फुकट मिळाला असता तरी नको होता.

बसवण्याआधी सेफ्टी कमिटीत ठेवा, मिनिट्समध्ये घ्या. सूचना मराठीत आणि हिंदीत लावा, आमच्याकडे निम्मी पोरं बिहार-ओडिशाची आहेत. मामांनी बैठकीत एकच विचारलं, “साहेब, ऑफिसात पण लावलाय का?” नव्हता. तिसरा कॅमेरा मग ऑफिसच्या पार्किंगजवळ गेला, तिथेही फोर्कलिफ्ट वळते.

दोन महिन्यांच्या आकड्यांत दिसलं की डिस्पॅच गेटची निम्म्याहून जास्त गर्दी साडेतीनला, पाळी बदलताना होते. कारण पंचिंग मशीन त्याच भिंतीवर होतं. मशीन पलीकडच्या भिंतीला हलवलं आणि मधे पाइपचा कठडा टाकला, वेल्डर आमचाच. आता त्या कॅमेऱ्याचा आठवड्याचा आकडा बहुतेक वेळा शून्य येतो. प्लँट हेड विचारत होते, बिघडलाय का. मी पुन्हा हेल्मेट हातात घेऊन दहा फेऱ्या मारून आलो. चालू आहे. पुढच्या महिन्यात तो कॅमेरा स्क्रॅप यार्डला नेतोय.