गाडीच्या पेंटला खोल चमक हवी असेल तर वॅक्स सगळ्यात शेवटी

गाडी चमकवायची म्हटलं की बरेच जण सरळ वॅक्सचा डबा आणतात, धुतलेल्या गाडीवर चोळतात, चार दिवस गाडी बरी दिसते आणि मग परत होती तशीच. वॅक्सला उगाच दोष देऊ नका. चमक मुळात पेंटच्या पृष्ठभागात असते, तो सपाट आणि स्वच्छ असेल तरच चमकतो, आणि त्यावर घाण रुतलेली असेल, बारीक ओरखड्यांचं जाळं असेल तर वरून कितीही महागाचं काही लावा, खालचं जाळं तसंच राहतं. त्यामुळे इथे मी बहुतेक सगळं वॅक्सच्या आधीच्या कामाबद्दल लिहितोय कारण खरी मेहनत तिथेच आहे.

आधी आपण नक्की कशावर काम करतोय ते बघा. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, आजकालच्या बहुतेक गाड्यांना हे असंच असतं. आपला हात लागतो तो क्लिअर कोटला. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. ऊन अंगावर घेऊन खालच्या रंगाला जपायचं कामही हाच थर करतो. पॉलिश करणं म्हणजे या थराचा अगदी पातळ भाग घासून काढून ओरखड्याच्या तळाच्या जवळ येणं, त्यामुळे प्रत्येक वेळी थोडा क्लिअर कोट कायमचा जातो, तो परत येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढे कुठे थांबायचं ते आपोआप कळतं.

रात्री किंवा सावलीत मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर धरून बघा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघांची वर्तुळं दिसतील, त्यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. टॉर्च सरकवला की वर्तुळं पण सरकतात, कारण ओरखडे खरे सगळ्या दिशांना असतात आणि त्यातले प्रकाशाला आडवे पडलेले तेवढेच त्या क्षणी उजळतात. यातला प्रत्येक ओरखडा थोडा थोडा प्रकाश भलतीकडे फेकतो आणि म्हणून काळी गाडी उन्हात राखाडी दिसते, लाल गाडी फिकी दिसते. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीत हे लपतं पण असतं तेवढंच.

आता हे ओरखडे येतात कुठून? जवळजवळ सगळे धुताना आणि पुसताना. कोरडी धूळ कोरड्या फडक्याने झटकणं हे पेंटचं सगळ्यात जास्त नुकसान करतं, रोज सकाळी प्रेमाने गाडी पुसणाऱ्यांच्या गाड्यांवर जास्त स्वर्ल असतात ते यामुळेच. तेव्हा धुणं नीट शिकून घ्या. गाडी सावलीत उभी करा, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. चाकं आधी धुवा, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा ठेवा कारण ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचे कणच असतात. मग बॉडीवर भरपूर पाणी मारून सुटी धूळ वाहून जाऊ द्या, फोम मारता आला तर उत्तम, पाच मिनिटं ठेवून धुऊन टाका. हात लावायच्या आधी जितकी घाण पाण्याने जाईल तितकी घालवायची. त्यानंतर दोन बादल्या, एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी, आणि स्पंजऐवजी मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा हातमोजा. एक पॅनल झालं की मोजा आधी साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा आणि मगच शाम्पूत बुडवायचा. छतापासून खाली या, खालचे दरवाजे आणि बंपर सगळ्यात शेवटी, हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल नको, दाब तर अजिबात नको. भांड्यांचा साबण तेलकटपणासाठी बनवलेला असतो, आधीचं वॅक्स तो काढून टाकतो, त्यामुळे रोजच्या धुण्यात नको. पुसताना मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरायचा आणि हळूच ओढून घ्यायचा, पाणी तो स्वतःच पितो. पाणी अंगावरच वाळलं तर त्यातले क्षार राहतात आणि पांढरे डाग पडतात, ते जुने झाले की क्लिअर कोटला खातात. पक्ष्यांच्या विष्ठेचं तर याहून वाईट, उन्हात ती काही तासांत पेंटवर खूण करू शकते, दिसली की ओल्या फडक्याने भिजवून, मऊ करून उचलायची, खरवडायची नाही.

धुऊन झालं की एक सोपी परीक्षा करा. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि बोटं बॉनेटवरून हलकेच फिरवा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत वाटत होतं ते पिशवीतून बारीक रवाळ लागेल, खरखर ऐकूसुद्धा येते. ही धुण्याने न जाणारी घाण, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडांचा चीक, कुणाच्या रंगकामाचे उडालेले थेंब. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर येतो, फवारला की दोनतीन मिनिटांत जांभळे ओघळ सुटतात, प्रत्येक ओघळ म्हणजे विरघळणारा लोखंडाचा कण. वाळू द्यायचा नाही, आणि वास उग्र असतो त्यामुळे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून. डांबराला टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन थोडा वेळ दाबून ठेवा, लगेच घासू नका. त्यानंतरही जे उरतं त्याला क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी. क्लेचा छोटा चपटा तुकडा करायचा, पत्र्यावर ल्युब्रिकंट भरपूर फवारायचं, आणि तुकडा एकदम हलक्या हाताने पुढे मागे सरकवायचा. सुरुवातीला तो अडखळतो, आवाज करतो, मग एकदम गुळगुळीत सरकायला लागतो, म्हणजे तेवढी जागा झाली. दर थोड्या वेळाने क्ले दुमडून स्वच्छ बाजू काढायची. आणि जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या, कितीही जीवावर आलं तरी, कारण त्यात घुसलेले खडे नंतर पेंटवरच फिरणार. क्ले केल्यावर पेंटवर किंचित धूसरपणा आणि बारीक खुणा येऊ शकतात, म्हणून क्ले शक्यतो तेव्हाच करा जेव्हा पुढे पॉलिश करायचंच आहे.

आता मुख्य काम, पॉलिश. मॅट फिनिशची गाडी असेल तर इथेच थांबा, मॅटला पॉलिश चालत नाही, ठिकठिकाणी चकचकीत चट्टे पडतात आणि ते परत मॅट करता येत नाहीत. जुनी गाडी असेल आणि पॉलिश करताना पॅडवर गाडीचाच रंग उतरत असेल तर तो सिंगल स्टेज पेंट, म्हणजे वर क्लिअर कोट नाही, चमकतो छानच पण आणखी हलक्या हाताने करावं लागतं. आणि एखादं पॅनल नुकतंच परत रंगवलं असेल तर त्यावर वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच पण कृत्रिम संरक्षक थर) लावायच्या आधी रंगाऱ्याने सांगितलेला अवधी जाऊ द्या, आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो.

मशीन कुठलं घ्यायचं हा प्रश्न सगळेच विचारतात. नवीन माणसाने ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावं, माझं यात दुसरं मत नाही. रोटरी एकाच अक्षावर गरागरा फिरतं, वेगाने कापतं पण एका जागी थांबलं तर पेंट जाळतं आणि होलोग्राम पाडतं, म्हणजे उन्हात दिसणाऱ्या लाटांसारख्या खुणा. ड्युअल ॲक्शनमध्ये पॅड फिरता फिरता डोलतं पण, उष्णता कमी आणि चुकायला जागा कमी. हाताने पॉलिश होतं का? छोट्या जागी होतं, दाराच्या हँडलच्या खोबणीत वगैरे, पण अख्ख्या गाडीचे स्वर्ल हाताने काढणं म्हणजे दंडाची वाट लागते आणि एकसारखं होत नाही.

सुरुवात टेस्ट स्पॉटने. बॉनेटवर साधारण दीड फूट बाय दीड फूट जागा टेप लावून आखा आणि तुमच्याकडचं सगळ्यात सौम्य जे आहे, म्हणजे मऊ फोम पॅड आणि फायनल पॉलिश (सगळ्यात कमी कापणारं, शेवटच्या चमकेचं पॉलिश), त्याने आधी करून बघा. पुरलं तर प्रश्नच मिटला. नाही पुरलं तर त्याच पॉलिशला जरा कडक पॅड, तरी नाही तर मग कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश. कुठल्या कंपनीचा क्लिअर कोट किती कडक किती मऊ हे गाडीगाडीला वेगळं असतं त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर जे चाललं ते तुमच्या गाडीवर चालेलच असं नाही, टेस्ट स्पॉट टाळू नका. प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर, बॅज आणि पॅनलच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका, कडांवर क्लिअर कोट मुळात पातळ असतो आणि पहिला तिथेच जातो. जाडी मोजायचं पेंट गेज मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण ते प्रायमरपासूनची सगळी जाडी दाखवतं, फक्त क्लिअर कोट नाही, हे लक्षात ठेवा. एखाद्या पॅनलचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी असेल तर तिथे आधी कुणीतरी जोरात घासलंय असं समजून हात आखडता घ्या.

पॅडवर वाटाण्याएवढे तीनचार थेंब पुरे. मशीन बंद असतानाच पॅड जागेवर टेकवून पॉलिश थोडं पसरवा, मग अगदी कमी वेगावर सगळीकडे फिरवा, आणि मग मशीनच्या डायलवर वेग चारपाचवर. इथून पुढे घाई केली की काम बिघडतं. मशीन सेकंदाला दोनतीन सेंटिमीटर इतकंच सरकलं पाहिजे, बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकं हळू, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढला पाहिजे, एकदा आडवे पट्टे एकदा उभे, असे चार ते सहा फेरे. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसत राहिली पाहिजे. फिरायची थांबली आणि नुसती थरथरतेय म्हणजे एकतर तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरकं धरलंय, आणि अशा वेळी कापलं जात काहीच नाही, नुसता वेळ जातो. मधून मधून पत्र्याला हात लावून बघा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल इतका गरम नको. प्रत्येक जागा झाली की पॅड ब्रशने झाडून घ्या, कारण निघालेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश पॅडमध्ये गच्च बसतं आणि तेच पुढे ओरखडे पाडतं. एका गाडीला चारपाच पॅड लागतात, एकाच पॅडवर अख्खी गाडी करायला जाऊ नका.

पुसल्यावर लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधली तेलं बारीक ओरखडे भरून टाकतात आणि काही ग्लेझ तर त्यासाठीच बनवलेली असतात, गाडी एकदम नवी दिसते आणि दोनतीन धुण्यांत सगळं जाळं परत वर येतं. त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून, साधारण १० ते १५ टक्के, किंवा तयार पॅनल वाइप फवारून पुसा आणि मग टॉर्च लावा. जे दिसेल ते खरं. कंपाउंड वापरलं असेल तर काळ्या गाडीवर हलका धुरकटपणा दिसेल, तो मऊ पॅड आणि फायनल पॉलिशच्या दुसऱ्या फेरीने जातो, आणि खोली जी म्हणतात ना, रंगाच्या आत बघतोय असं वाटणं, ती या दुसऱ्या फेरीतच येते. ती गाळू नका.

सगळे ओरखडे काढायचा हट्ट मात्र धरू नका. नख आडवं फिरवलं आणि अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने जाण्याइतका उथळ नाही. त्याच्या कडा गोल झाल्या की तो कमी डोळ्यात भरतो, तेवढ्यावर सोडून द्या, वर थर शिल्लक असलेला बरा. मी स्वतः शंभर टक्के साफ गाडीपेक्षा नव्वद टक्के साफ आणि जाड क्लिअर कोट असलेली गाडी पसंत करतो.

आता वॅक्स. कार्नौबा हे ब्राझीलच्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण, गडद रंगांवर उबदार, ओलसर दिसतं, पण उन्हापावसात काही आठवडे ते दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट काही महिने टिकतं आणि जरा कडक, काचेसारखी चमक देतं. दोन्ही लावताना थर इतका पातळ हवा की जेमतेम दिसला पाहिजे, जाड लावून काही मिळत नाही, फक्त पुसताना जीव जातो. सिरॅमिक कोटिंग वर्ष दोन वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं, पण ते बसलं की खालचं सगळं त्यात बंद होतं, स्वर्ल असतील तर स्वर्लसकट, आणि काढायचं तर परत पॉलिशच करावं लागतं. लावताना छोट्या भागात लावा, इंद्रधनुष्यासारखे रंग चमकायला लागले की डब्यावर लिहिलेल्या वेळेत पुसा, राहून गेलं तर कडक डाग बसतात. नंतर पहिला दिवसभर पाणी लागू देऊ नका आणि आठवडाभर शाम्पू नको. बाटलीवरचं ९एच वाचून खडे लागणार नाहीत असं समजू नका, ते माप पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीचं आहे, दगड उडाला तर कोटिंग असलेल्या गाडीचाही टवका उडतो.

यानंतर गाडीला कोरडं फडकं लावणं कायमचं बंद. हलकी धूळ असेल तर पाणी मारा, पाणी नसेल तर धूळ तशीच राहू द्या पुढच्या धुण्यापर्यंत, आणि मायक्रोफायबरची फडकी सुती कपड्यांपासून वेगळी धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता.