राग आलाय? आधी देवाशी भांडा, मग माणसाशी बोला

आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे, की चांगल्या ख्रिस्ती माणसाला राग येतच नाही आणि आलाच तर त्याने "प्रभूची स्तुती असो" म्हणून हसायचं आणि आतल्या आत धुमसत बसायचं. बायबलमधे असं कुठेच नाही हो. इफिसकरांच्या पत्रात, इफिस 4:26 मधे (अध्याय 4, वचन 26) प्रेषित पौल सरळ म्हणतो रागवा, पण पाप करू नका, आणि सूर्य मावळायच्या आत तो राग संपवा. म्हणजे राग यायला परवानगी आहे, फक्त मुदत दिलीय. आणि पुढच्याच वचनात कारण पण सांगितलंय, सैतानाला वाव देऊ नका.

तर करायचं काय ते सांगतो.

राग चढतोय असं कळलं की पहिल्यांदा तोंड बंद. याकोब 1:19 सगळ्यांना पाठ असतं, ऐकायला तयार, बोलायला सावकाश, रागाला सावकाश, पण पाठ असून उपयोग काय, ऐन वेळी आठवत नाही ना. म्हणून शरीराकडून सुरुवात करा. श्वास हळू घ्या, त्यातही सोडताना जास्त वेळ घ्या, खोलीतून बाहेर पडा, मोबाईल हातातून खाली ठेवा (हे सगळ्यात महत्त्वाचं, चर्चच्या ग्रुपवर रात्री टाकलेला मेसेज सकाळी डिलीट करून काही होत नाही, स्क्रीनशॉट तोपर्यंत अर्ध्या गावात गेलेला असतो). उशीवर गुद्दे मारून राग निघून जातो म्हणतात ते काही खरं नाही, त्याने राग उलट तापतो.

आणि जेवलात का, झोपलात का ते बघा, हसू नका. 1 राजे 19 मधे एलीया संदेष्टा वैतागून झुडपाखाली मरण मागत पडला होता, देवदूताने त्याला उपदेश केला नाही, आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं, बोलणं बरंच नंतर झालं.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच आपण टाळतो. राग देवाकडे न्या, तो पण कच्चाच न्या, साफसूफ करून नाही. स्तोत्र 13 उघडा, सहाच वचनं आहेत. सुरुवातीलाच दावीद राजा चार वेळा विचारतो, किती वेळ, देवा अजून किती वेळ? मग मागणं मागतो आणि शेवटी भरवशाचं एखाददुसरं वाक्य. तुम्ही पण वही घ्या आणि त्याच क्रमाने लिहा. आधी तक्रार, नावासकट, जाऊबाईचं असो, साहेबाचं असो नाहीतर कमिटीतल्या कुणाचं. मग देवाने नक्की काय करावं असं वाटतं ते, "त्याचं वाटोळं कर" असं वाटत असेल तर तसंच लिहा, स्तोत्र 109 वाचलंत तर कळेल की देवाने याहून कडक ऐकलेलं आहे. सूड घेणं त्याच्यावर सोपवायचं हेच रोम 12:19 सांगतं, तुम्ही ते प्रार्थनेत सोपवताय, स्वतः करायला जात नाही आहात. शेवटचं भरवशाचं वाक्य येत नसेल तर ओढूनताणून आणू नका, स्तोत्र 88 अंधारातच संपतं आणि तरीही ते बायबलमधे आहे. वही फाडली तरी चालेल, फक्त कुणाच्या हाती लागू देऊ नका.

लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारा, हा राग कोणासाठी आलाय? मार्क 3 मधे शब्बाथाच्या दिवशी (विसाव्याचा दिवस, त्या दिवशी काम वर्ज्य) वाळलेल्या हाताचा माणूस समोर होता आणि लोक बघत होते की आता हा याला बरं करतो का म्हणजे दोष लावता येईल, तेव्हा येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. आणि मग काय केलं, तर त्या माणसाचा हात बरा केला. पण स्वतःची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही, असं त्याचा शिष्य पेत्र लिहितो. आपलं बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं, मान मिळाला नाही, स्टेजवर नाव घेतलं नाही, की लगेच पारा चढतो.

मग माणसाकडे जा. मत्तय 18:15, एकटे असताना, दोघांतच. आपल्याकडे काय होतं तर आधी चार घरी "या विषयासाठी प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हणून सगळी हकीकत पोचते आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. ही प्रार्थना विनंती नाही, चुगली आहे. बोलताना "तू नेहमीच असं करतोस" नको, "काल मीटिंगमधे तू असं बोललास ते मला लागलं" एवढंच सांगा. सूर्य मावळायच्या आतचा अर्थ रात्री साडेअकराला सगळं मिटवायलाच पाहिजे असा मी तरी घेत नाही, दमलेल्या नवराबायकोने तेव्हा बोलायला बसूच नये. "मी चिडलोय, पण उद्या चहाला बसून बोलू" इतकं सांगितलं तरी गाठ सैल होते.

मुलांवर ओरडलात तर मुलांची माफी मागा, इफिस 6:4 मधलं "मुलांना चिडीला आणू नका" हे बापांनाच उद्देशून आहे. रविवारी चर्चला उशीर होतोय म्हणून घरात जो आरडाओरडा चालतो तो तर शनिवारी रात्री कपड्यांना इस्त्री करून ठेवली तरी निम्मा कमी होईल.

आणि एकदम बदल झाला नाही म्हणून खचू नका. ज्यांची गीतं आपण उपासना संगीत या चर्चच्या गीतपुस्तकातून गातो ते रेव्हरंड ना. वा. टिळक, 1895 ला बाप्तिस्मा झाला, पण स्वभाव तापटच, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रे या आपल्या आत्मचरित्रात काही लपवलेलं नाही.

एक मात्र वेगळं ठेवा. घरात कुणी मारहाण करत असेल तर तिथे "क्षमा कर, सहन कर" हा सल्ला देऊ नका, पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) पण देऊ नये. क्षमा करणं आणि मार खात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाईने आधी सुरक्षित ठिकाणी जावं, 181 हा महिला हेल्पलाईनचा नंबर आहे, तो फोनमधे सेव्ह करून ठेवा. आणि हात उचलणारे तुम्हीच असाल तर नुसती प्रार्थना करून थांबू नका, आजच घरातून बाजूला राहायला जा, समुपदेशकाकडे जा, दारू असेल तर तिचेही उपचार घ्या.