उपकंत्राटदाराचा कामगार जखमी होतो आणि विमा तोकडा पडतो : या चुका टाळा

कारखान्यातील शटडाउनच्या काळात बॉयलर दुरुस्तीचे काम एका कंत्राटदाराकडे असते, तो इन्सुलेशनचे काम दुसऱ्याला देतो आणि दुसरा परांची बांधण्यासाठी तिसऱ्याला बोलावतो. या तिसऱ्याकडील कामगार परांचीवरून पडला, की भरपाई कोणी द्यायची हे प्रत्येक जण आपापल्या करारात शोधू लागतो. करारातील उत्तर आणि पॉलिसीतील उत्तर एकच असेल असे सगळे गृहीत धरतात; बहुतेक वाद या गृहीतकातूनच उभे राहतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे विम्याच्या सर्टिफिकेटलाच संरक्षण समजणे. सर्टिफिकेट हा केवळ माहितीचा कागद आहे आणि त्यातून कोणताही हक्क मिळत नाही, असे बहुधा त्यावरच छापलेले असते. मालक किंवा मुख्य कंत्राटदार यांना उपकंत्राटदाराच्या पॉलिसीत अतिरिक्त विमाधारक, म्हणजे दुसऱ्याने घेतलेल्या पॉलिसीतून संरक्षण मिळणारा, म्हणून स्थान हवे असेल, तर तशी पुरवणी, म्हणजे एंडॉर्समेंट, पॉलिसीला जोडलेली असावी लागते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी पुरवणीचीच प्रत मागावी आणि आपले नोंदणीकृत नाव तीत अचूक आहे का, हे पाहावे. काही पुरवण्यांत नाव नसते. ‘लेखी करारानुसार ज्यांना संरक्षण देणे आवश्यक आहे ते सर्व’ असे मोघम शब्द असतात. तेथे कराराची तारीख निर्णायक ठरते. फोनवर काम सुरू करून वर्क ऑर्डरवर आठवड्याने सही करण्याची सवय सर्रास दिसते, आणि अपघात नेमका त्या आठवड्यात झाला, तर विमा कंपनीला नकार देण्यास भक्कम आधार मिळतो.

दुसरी चूक हमी आणि विमा यांची गल्लत करण्याची. ‘होणाऱ्या सर्व नुकसानीची भरपाई मी करीन’ ही उपकंत्राटदाराची स्वतःची हमी असते; विमा कंपनी मात्र पॉलिसीत लिहिले आहे तेवढेच देते. उपकंत्राटदाराने कबूल केलेला विमा घेतलाच नाही, तर तो करारभंग ठरतो खरा, पण ती रक्कम त्याच्याच खिशातून वसूल करावी लागते आणि लहान कंत्राटदाराच्या खिशात ती नसते.

कामगाराच्या दुखापतीबाबत आणखी एक खाच आहे आणि तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. सार्वजनिक दायित्वाच्या, म्हणजे त्रयस्थांच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या, पॉलिसीतून विमाधारकाच्या स्वतःच्या कामगारांची दुखापत सहसा वगळलेली असते, कारण तिच्यासाठी कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी असते. मात्र काही पॉलिसींमध्ये हे अपवर्जन, म्हणजे वगळण्याची अट, ‘कोणत्याही कंत्राटदाराचे कामगार’ इथपर्यंत ताणलेले आढळते. अशी पॉलिसी मुख्य कंत्राटदाराकडे असेल, तर ज्या अपघातासाठी ती घेतली तोच तिच्याबाहेर राहतो. अपवर्जनाचे पान वाचल्याशिवाय पॉलिसी स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे. कामगार भरपाईच्या पॉलिसीतही जाहीर केलेली कामगारसंख्या आणि वेतन प्रत्यक्षाशी जुळते का, आणि उपकंत्राटदारांची माणसे त्यात धरली आहेत का, हे तपासावे.

‘तो आमचा कामगार नव्हता’ या उत्तरावर तर मुळीच विसंबू नये. भारतातील १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या कलम १२ नुसार (नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असून तीतही अशीच तरतूद आहे), आपल्या नेहमीच्या व्यवसायातील काम कंत्राटदाराकडून करून घेणाऱ्या मुख्य मालकावर त्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी येते. ती रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो, पण जखमी माणसाला तोवर थांबवता येत नाही. हे योग्यच आहे, कारण कागदांच्या साखळीत आपण कितव्या कडीवर आहोत हे त्याला ठाऊकही नसते.

शब्दयोजनेतील फरकही क्षुल्लक समजू नये. अमेरिकेत प्रचलित असलेल्या अतिरिक्त विमाधारकाच्या प्रमाणित पुरवणीत २००४ साली ‘कामातून उद्भवलेली’ दुखापत ही भाषा बदलून उपकंत्राटदाराच्या कृतीमुळे ‘पूर्णतः किंवा अंशतः घडलेली’ दुखापत अशी करण्यात आली. त्यामुळे केवळ मुख्य कंत्राटदाराच्या निष्काळजीपणामुळे झालेली दुखापत नव्या भाषेत बसत नाही. करारात जुनी भाषा आणि पॉलिसीत नवी असेल, तर मधली दरी उपकंत्राटदाराच्या विम्याने भरून निघत नाही.

शेवटी सूचनेचा मुद्दा. अपघात झाला त्याच दिवशी स्वतःच्या विमा कंपनीला आणि, अतिरिक्त विमाधारक असल्यास, उपकंत्राटदाराच्या विमा कंपनीलाही स्वतंत्रपणे लेखी कळवावे. उपकंत्राटदाराने कळवले असेल, या भरवशावर राहू नये.