गावातल्या संस्थेला पैसे द्यायचे तर आधी हजेरीची वही मागा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात देणगी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे नावाचा फळाच येतो. खोलीवर नाव, टाकीवर नाव, बाकड्यावर तर आजोबांसकट नाव.

मी तीस वर्षं अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. निवृत्त झाले, तशी पुण्या-नागपुरात नोकरीला लागलेल्या गावच्या पोरांनी पैसे जमवले आणि ‘ताई, तुम्हीच वाटा’ म्हणून माझ्या गळ्यात घातले. वर्षाला साधारण 3 लाख. पहिल्याच वर्षी एका संस्थेला 40 हजार दिले. त्यांनी शिलाई मशिनी आणल्या, अन् होळी येईस्तोवर त्या पोत्याखाली झाकलेल्या. शिकवणाऱ्या बाईला मानधनच नव्हतं. चूक त्यांच्यापेक्षा माझीच जास्त. मशिनी मोजल्या, बाईचं विचारलंच नाही.

तेव्हापासून आधी माणसाचं विचारते. रोज कोण येणार, तिला महिन्याला किती, गाडीत पेट्रोल कोण टाकणार, ऑडिटरची फी कुठून देणार. याला देणगीदार नाक मुरडतात, कारण पेट्रोलचा फोटो निघत नाही. आमचा निम्म्याहून जास्त पैसा आता यातच जातो, तोही एकेका संस्थेला सलग तीन वर्षं. एका वर्षात पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, आई परक्या बाईकडे लेकरू सोडत नाही.

अर्ज एक पानाचा घ्या, मराठीत. लिहायला जमत नसेल तर फोनवर बोलून पाठवू द्या.

कागदांत ऑडिट रिपोर्ट सगळेच दाखवतात. आपल्याकडे बहुतेक संस्था 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, अशा दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. म्हणून धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट 1 चा ताजा उतारा मागा. त्यावर विश्वस्तांची नावं असतात. एका उताऱ्यावर सात नावं होती, त्यातले तिघे वारलेले. एकाच्या तेरवीला तर मी जेवून आले होते! विश्वस्त बदलल्याचा, म्हणजे बदल अर्ज कोणी दिलाच नव्हता. संस्था वाईट नव्हती, नुसती आळशी. वकिलाची फी आम्हीच दिली, अर्जाची पोच हातात आल्यावर चेक दिला.

आपल्या देणगीदारांना देणगीवरची आयकराची, म्हणजे 80जीची सूट हवी असेल तर 2000 रुपयांच्या वरची देणगी रोख देऊ नका म्हणावं. नवी कररचना घेतलेल्यांना ती सूट मिळतच नाही, हेही आधीच सांगून टाका. नाहीतर मार्चमध्ये फोन येत राहतात.

पाहणीला न कळवता जा, पण वेळ बघून. दिवाळीनंतर कापसाची वेचणी, मार्च-एप्रिलला मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. त्या दिवसांत सकाळी कोलामांच्या पोडावर गेलात तर एखादी म्हातारी अन् कुत्रं भेटेल. संध्याकाळी जा, आधी नाईकाला, म्हणजे पोडाच्या प्रमुखाला भेटा, मग संस्थेच्या वर्गाची हजेरीची वही मागा. नोकरीत मी अशा वह्यांचे ढीग पाहिले. खऱ्या वहीच्या पानाला तेलाचे डाग असतात, मधेच पेन बदललेला असतो, वेचणीच्या आठवड्यात निम्मी पोरं गैरहजर असतात. महिनाभर एकाच निळ्या पेनानं सगळी पोरं हजर दिसली, तर ती वही आदल्या रात्री भरलेली. अशा वेळी मी भांडत नाही. चहा घेते, अन् पुढचा हप्ता थांबवते. गैरहजेरी लिहिणाऱ्या बाईवर मात्र आपला जास्त भरवसा आहे, हे तिला तोंडानं सांगा. नाहीतर पैसे जातील या भीतीनं तीही उद्यापासून सगळे हजर लिहायला लागेल.

राहिली हप्त्याची तारीख. विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून पुण्याची पोरं म्हणतात, जुलैत पाठवू. पण जूनमध्ये पाऊस पडला की शिकवणारी बाई स्वतःच्या वावरात पेरणीला असते. बियाणं तेव्हाच घ्यायचं असतं, आणि मानधन हातात नसलं तर ती व्याजानं पैसे उचलते. यंदा आमचा पहिला हप्ता 28 मेलाच गेला.