विसाव्या शतकातल्या इमारती वाचवताय? मग या चुका टाळा

युरोपात 1920-30 च्या दशकात बांधलेल्या काच, काँक्रीट आणि स्टीलच्या इमारती आता शंभरीला टेकल्यात, आणि त्यांचं नुकसान फक्त युद्धानं केलं असं कुणी समजू नका, चांगल्या हेतूनं घाईघाईत केलेल्या डागडुजीनंही भरपूर केलंय. कारण या इमारतींबद्दलची माहिती बहुतेक वेळा इमारतीजवळ नसतेच, ती दुसऱ्याच देशात कुठल्यातरी कपाटात पडलेली असते.

म्हणून पहिली चूक म्हणजे कागद शोधायच्या आधी हातोडा घेणं. फिनिश आर्किटेक्ट आल्वार आल्तोची विबोर्गची लायब्ररी 1935 मध्ये फिनलंडमध्ये उघडली, 1944 नंतर ते गावच सोव्हिएत संघात गेलं. इमारत दहाएक वर्षं रिकामी पडली, पश्चिमेकडे तर ती युद्धात संपलीच असं बरेच लोक धरून चालले होते. पुढे सोव्हिएत काळात तिची दुरुस्ती झाली पण मूळ ड्रॉइंग्ज हाताशी नसल्याने बऱ्याच गोष्टी अंदाजानं केल्या गेल्या. नंतर फिनिश आणि रशियन मंडळी एकत्र बसली तेव्हा कुठे हेलसिंकीतली ड्रॉइंग्ज आणि विबोर्गमधली भिंत समोरासमोर आली, आणि मग छतातले 57 गोल स्कायलाइट (वरून उजेड आत सोडणारी काचेची झरोकी), भाषणाच्या हॉलचं ते लाटांसारखं लाकडी छत, असं तुकड्यातुकड्यानं 1994 ला सुरू झालेलं काम चालत 2013 ला संपलं. एकोणीस वर्षं! तुमच्या टेंडरमध्ये अठरा महिने लिहिले असतील तर आत्ताच विचार करा.

दुसरी चूक, आणि ही फार कॉमन आहे, सगळं पांढरं फासणं. जुने फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यात भिंत पांढरी दिसते, झालं, डबा आणला पांढऱ्या रंगाचा. बर्लिनमध्ये आर्किटेक्ट ब्रूनो टाउटच्या वसाहती बघा, लाल, निळा, पिवळा असे दणदणीत रंग आहेत. चेक देशात ब्रनो शहरात जर्मन आर्किटेक्ट मीस फान डेर रोहची तुगेंडहाट व्हिला आहे, 1930 ची, तिचा बाहेरचा गिलावासुद्धा चुन्याचा आणि वाळूकडे झुकणाऱ्या रंगाचा होता. तो वरवरच्या रंगाखाली दडलेला, स्काल्पेलनं, म्हणजे सर्जनच्या बारीक सुरीनं, एकेक थर उचलत तपासल्यावर सापडला. म्हणून फोटोवरून रंग ठरवायचा नाही, आडोशाला, जिथे ऊन-पाऊस कमी लागलाय, तिथे थर उघडून बघायचे. आणि सगळं खरवडून टाकायचं नाही हं, एक पट्टी तरी पुढच्या माणसासाठी ठेवा.

काचेचंही तसंच. आजची फ्लोट काच अगदी सपाट असते, जुनी ओढून बनवलेली काच किंचित हलते, तिच्यात झाडाचं प्रतिबिंब थरथरतं. नेदरलँड्समध्ये हिल्व्हरसमला झोनेस्ट्राल हे क्षयरोग्यांसाठीचं सॅनेटोरियम आहे, आर्किटेक्ट यान डाउकरनं 1928 च्या सुमारास बांधलेलं. त्याच्या दुरुस्तीत ती जुन्या पद्धतीची काच शोधत शोधत लिथुआनियापर्यंत जावं लागलं. आता कुणी म्हणेल काचेसाठी एवढं कशाला, तर त्या इमारतीत काचेशिवाय उरतं काय! याच इमारतीवर काम करणारे हुबर्ट-यान हेंकेट आणि वेसल डे योंग यांनी 1988 ला आइंडहोव्हनमध्ये डोकोमोमो ही अशा आधुनिक इमारतींच्या जतनासाठीची संघटना सुरू केली, जी आज बऱ्याच देशांत पसरलीय.

काही गायब झालंय म्हणून लगेच नवीन ऑर्डर करू नका. तुगेंडहाटच्या जेवणाच्या जागेभोवतीची गोल मकासार एबनी लाकडाची भिंत युद्धात नाहीशी झाली होती. तिचे तक्ते 2011 मध्ये त्याच शहरात, लॉ फॅकल्टीच्या कॅन्टीनमध्ये भिंतीला लावलेले सापडले. युद्धकाळात तिथे गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, ऑफिस होतं. इतकी वर्षं मुलं त्या भिंतीला टेकून जेवत होती!

काँक्रीटबद्दल थोडं टेक्निकल. सळईवरचं आवरण पातळ असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, काँक्रीटचा अल्कलीपणा जातो, सळई गंजते, फुगते आणि पोपडे उडतात. ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिन हे अल्कली ओळखणारं रसायन फवारा, गुलाबी झालं तर तिथे काँक्रीट ठीक आहे, रंगच आला नाही तर समजा प्रॉब्लेम आत गेलाय. इथे बरेच ठेकेदार फक्त सुटलेला भाग भरतात, तोही मूळपेक्षा जास्त कडक मसाल्यानं, आणि मग पॅचच्या कडेलाच नवीन गंज सुरू होतो. आणि आधी ते काँक्रीट आहे का तेवढं बघा, पोट्सडामचा आइनस्टाइन टॉवर बघून सगळे काँक्रीट म्हणतात, आत बराच भाग वीटकाम आहे आणि वर गिलावा, त्यामुळे तो सुरुवातीपासून ओलीनं हैराण.

आता समितीचं. परदेशी तज्ज्ञ शेवटी उद्घाटनाला बोलावण्यात काही अर्थ नाही, तेव्हा ते फक्त टाळ्या वाजवू शकतात. तुगेंडहाटमध्ये 2010 ते 12 चं काम चालू असताना इव्हो हामर यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय समिती सोबत होती, आणि भिंतींचा अभ्यास तर कामाच्या आधीच झालेला. अनेक देश असले की शेवटचा शब्द कुणाचा हे पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून घ्या. आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझियेच्या 17 जागा, 7 देश, त्यात आपलं चंदीगडही, असा एकच प्रस्ताव 2016 ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण त्याआधी दोनदा जमलं नव्हतं.

आणि अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशनसारख्या देणगीदार संस्थांच्या मदतीनं जतनाचा प्लॅन झाला की तो इंग्रजीत छापून कपाटात ठेवू नका. गटार कधी साफ करायचं, काचेच्या फ्रेमला कोणता रंग लावायचा, कुठल्या भागाला ड्रिल लावायचं नाही, एवढी दोन पानं शिडी घेऊन चढणाऱ्या देखभालवाल्याला त्याच्या भाषेत द्या, नाहीतर तो परत सिलिकॉनची ट्यूब घेऊन येणारच.